रिकाम्या गाडीतली डावी सीट

गाडीतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पिकअप माझी आहे, रोज चालवतोही मीच, पण कुणी बॉनेट उघडलं की मी चुकून दुसऱ्याच लग्नाच्या मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखा हसत बाजूला उभा राहतो. आधी मी एका खासगी ऑफिसात कारकून होतो. ते ऑफिस बंद पडलं आणि त्याच सुमारास आमच्या ओळखीच्या पेंडीच्या व्यापाऱ्याला कोल्हापुरातून मलकापूरच्या दूध संस्थेत जनावरांची पेंड पोचवायला कायमची गाडी हवी होती. मी सेकंडहँड पिकअप घेतली. जाताना पोती, येताना रिकामी. काम सोपं आहे असं मला वाटलं होतं.

पहिल्या दिवशी मी चावी फिरवली तेव्हा डाव्या बाजूचं दार उघडून आबा आत येऊन बसले. आबा म्हणजे माझे वडील, एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मी विचारलं, "तुम्ही कुठं?" ते म्हणाले, "गाडीत दोन माणसं पायजेत. एक चालवायला आनि एक बघायला." त्यानंतर ते रोजच येऊ लागले. वाघबिळाचा चढ संपला की तंबाखू मळायची, बांबवड्याला चहा प्यायचा, मलकापुरात माझी पोती उतरेपर्यंत संस्थेच्या लोकांशी राजकारण बोलायचं आणि परत येताना बांबवडं मागं पडलं की काचेला डोकं टेकून झोपायचं. पंचगंगेच्या पुलावर गाडी आली की न सांगता जागे व्हायचे आणि विचारायचे, "आलं व्हय?"

घरात आमचं दोघांचं फारसं बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. त्यांनी टीव्ही बघायचा, मी मोबाईल बघायचा. गाडीत मात्र ते बोलायचे. कुठल्या थांब्यावर कोण म्हातारी कोंबडी घेऊन चढायची आणि कोंबडीचं तिकीट काढायला कशी भांडायची, कुठल्या ड्रायव्हरला गाडी चालवताना गाणं म्हणायची खोड होती, हे सगळं मला वयाच्या चाळिशीनंतर त्या डाव्या सीटवरून कळलं. मला त्यांची सोबत आवडत होती. असं तोंडावर सांगायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून इथं लिहितोय.

मग गाडी मागं बसायला लागली. म्हणजे पोती भरली की मागचा भाग खाली दबायचा आणि पुढचं तोंड वर व्हायचं. त्यात रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं, जिथं बघावं तिथं वळवलेला रस्ता आणि खड्डे. खड्ड्यात चाक गेलं की मागून टायर वरच्या पत्र्याला घासल्याचा आवाज यायचा. मी चहाच्या टपरीवर सहज बोलून गेलो आणि तिथंच माझी चूक झाली. कोल्हापुरात गाडीबद्दल सल्ला मागावा लागत नाही, तो आपणहून अंगावर येतो. एक म्हणाला, टायरात हवा वाढव. दुसरा म्हणाला, वाढीव हवेनंच तर दणकं बसत्यात, कमी कर. तिसऱ्यानं शॉकअप गेलेत असं ठाम सांगितलं. त्यावर चौथा त्याच्यावरच ओरडला की शॉकअपचा आणि वजनाचा काय संबंध, वजन पाटे धरतात. कुणी रबर बसव म्हणालं, कुणी हवेचे फुगे मिळतात म्हणालं. मी सगळ्यांना मान डोलावली. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात नुसता काला झाला होता.

आबा म्हणाले, "चल उद्यमनगरात." गेलो.

तिथला पाटेवाला भट्टीच्या बाजूला बसून काम करत होता. पिकअपच्या मागच्या चाकांवर जी पोलादी पट्ट्यांची कमानीसारखी जुडी असते, तेच पाटे. गाडीखाली वाकून त्यानं बघितलं आणि म्हणाला, "पावणं, बसलीया तुमची गाडी." हे मला माहीत होतं. पुढं त्यानं दोन उपाय सांगितले. एक म्हणजे हेल्पर पाटा. तो जुडीच्या वर वेगळा बसतो, माल भरून गाडी दबली तरच टेकतो आणि गाडी रिकामी असली तर नुसता बघत बसतो. दुसरा उपाय म्हणजे जुडीतच पुरे, म्हणजे पूर्ण लांबीचे, पाटे वाढवायचे. ते कायम कामाला असतात, माल असो वा नसो.

मी विचारलं, "ह्यातलं चांगलं कुठलं?"

"दोन्ही चांगलं."

"मग बसवू कुठलं?"

"त्ये तुमच्या मनावर हाय."

माझ्या मनावर काहीच नव्हतं. मी गाडीकडं बघितलं, पाट्यांकडं बघितलं, शेवटी आबांकडं बघितलं. आबा तोपर्यंत खुर्ची मिळवून बसले होते. ते म्हणाले, "त्ये वरचं बारकं लेकरू कशाला? घालायचं तर पुरं घाल. आनि एक न्हाय, दोन घाल."

पाटेवाला खूश झाला. "आबा म्हंत्यात त्ये बराबर हाय," असं म्हणत त्यानं जॅक लावला.

आता आठवलं की मला हसू येतं. आमच्याकडं कुठल्याही गोष्टीची परीक्षा एकच, वजन किती उचलतंय. तालमीतला गडी असो, बैल असो, जत्रेतला दगडी गुंडा असो. वजन उतरल्यावर तो कसा चालतो हे कुणी विचारत नाही. तिथं आम्ही इतके जण उभे होतो, पण रिकामी गाडी कशी चालेल हे कुणाच्याच तोंडून आलं नाही. माझ्याही नाही.

घरी आल्यावर बायकोनं एवढंच सांगितलं की गाडीच्या कागदावर वजन पहिल्याइतकंच लिहिलंय, पाटे वाढले म्हणून पोती वाढवायची नाहीत. मी कबूल केलं. तिला गाडीतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. ती चालवतेही बरी, पण हे मी गल्लीत सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी घेऊन निघालो आणि मला खरंच आनंद झाला. मागून घासणं बंद, तोंड सरळ, खड्ड्यातून गाडी दमानं जायची. आबांनी डॅशबोर्डवर थाप मारली आणि म्हणाले, "बघ. हेल्पर घालत होता." मी काहीच घालत नव्हतो, पण वाद घातला नाही. येताना गाडी जरा उड्या मारत होती. रिकामी असली की तिचा मागचा भाग आता चांगलाच वर उचललेला दिसायचा, खाली पडलेला पैसा शोधणाऱ्या माणसासारखी ती पुढं वाकलेली वाटायची. मी मनाशी म्हटलं, रस्ताच तसा आहे. बांबवडं मागं पडलं तरी आबा झोपले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण माणसाला एखाद्या दिवशी झोप येत नाही.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी मलकापुरात पोती उतरवून झाल्यावर मी गाडीत बसलो आणि डावं दार उघडलं. आबा तिथंच उभे राहिले. म्हणाले, "तू जा म्होरं. मी एस.टी.नं येतो."

"का?"

"पास हाय न्हवं. वाया जातोय."

पास त्यांच्याकडं निवृत्त झाल्यापासून होता आणि आजवर खुशाल वाया जात होता. मी एकटाच निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे डाव्या सीटवर येऊन बसले, वाघबिळाच्या वर तंबाखू मळली, बांबवड्याला चहा प्याले, गप्पा मारल्या आणि मलकापुरात पोती उतरल्यावर पुन्हा एस.टी. स्टँडकडं चालू लागले. या खेपेचं कारण होतं की तुझ्या गाडीत वारं लागतं. तिसऱ्या खेपेला म्हणाले, जुनं कोण भेटतंय का बघतो. आबा एका गोष्टीला दोन कारणं देणारे गृहस्थ नव्हते. आयुष्यभर एक कारण दिलं आणि त्यावर वाद झाला तर घंटी मारली. त्यामुळं मी चक्रावलो.

मी गुंत्यात पडलो की सगळ्यांना विचारत सुटतो. बायको म्हणाली, "तुम्ही मोबाईलवर बोलत चालवता, त्येस्नी भ्या वाटत आसंल." मग जाताना का वाटत नाही? शेजारचा म्हणाला, मलकापुरात पत्त्यांचा डाव बसत असेल. जयसिंगपुरात दिलेली माझी बहीण फोनवर म्हणाली, "तू कायतरी टाकून बोलला असणार. दादा, तुला म्हाईत न्हाय, तू बोलतोस ते लागतंय." मी तीन दिवस आठवत बसलो की मी काय बोललो. काही सापडलं नाही, पण मी काहीतरी बोललो असेन असं मात्र वाटायला लागलं. बहिणीला ही कला लहानपणापासून अवगत आहे.

त्रास कुणाला म्हणून काहीच होत नव्हता. पोती वेळेवर पोचत होती, आबा संध्याकाळपर्यंत घरी येत होते. पण रिकाम्या गाडीत रिकाम्या सीटशेजारी बसून मी पंचगंगेच्या पुलावर यायचो आणि "आलं व्हय" असं विचारायला कुणी नसायचं. मला ते लागायचं. रागही यायचा. पन्नास माणसांच्या गर्दीत एस.टी.नं येईन, पण पोराच्या शेजारी बसणार नाही, असा कसला हा बाणा?

एकदा मी मुद्दाम गाडी पुढं नेऊन वळवली आणि स्टँडच्या समोर लांब उभी केली. पत्ते नव्हते, जुनं कोणी नव्हतं. आबा बाकड्यावर एकटे बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. एस.टी. लागायला वेळ होता. मध्येच ते उठले, कमरेवर हात ठेवून चार पावलं चालले आणि पुन्हा बसले. मी बघत राहिलो. मला वाटलं, म्हातारा माणूस कंटाळलाय. मग त्यांची एस.टी. आली आणि ते चढले. पुढच्याच सीटवर, कंडक्टरच्या जागेजवळ बसले. मी आधीपेक्षा जास्त गोंधळून घरी आलो.

याचा उलगडा होण्यात माझी अक्कल अजिबात खर्ची पडली नाही. पोतं उतरवताना ते माझ्या उजव्या मनगटावर आलं आणि हात सुजला. दुसऱ्या दिवशीचा माल तर पोचवायचा होता. बायको म्हणाली, "मी चालवतो. तुम्ही शेजारी बसा आनि गप बसा." सीट दोनच, म्हणून आबा त्या दिवशी घरीच राहिले.

जाताना छान गेलो. मी गप बसलो नाही, ब्रेक कुठं मारायचा ते सांगत राहिलो. मलकापुरात माल उतरला, गाडी हलकी झाली आणि आम्ही परत निघालो. पहिल्याच खड्ड्यात मी सीटवरून उडालो आणि खाली आलो तो थेट माकडहाडावर. आई आठवली. बायकोला काही झालं नव्हतं. पुढच्या खड्ड्यात पुन्हा तेच. दणका मागून यायचा, सीटमधून पाठीच्या कण्यात शिरायचा आणि मानेपर्यंत जायचा. मी दाराची मूठ धरली, डॅशबोर्ड धरला, पाय रोवायला बघितलं. पायाखाली रोवायला काहीच नव्हतं.

मी म्हणालो, "हळू की जरा."

ती म्हणाली, "हळूच हाय. रोज तुम्ही ह्याच्या दुप्पट पळवता."

"मग मला हे रोज का लागत नाही?"

"मला स्टेरिंग हाय धरायला, पायाखाली ब्रेक हाय. तुमच्याकडं काय हाय?"

बांबवडं येईपर्यंत माझी कंबर धरली. चहाला थांबलो तेव्हा मी गाडीतून उतरलो, कमरेवर दोन्ही हात ठेवले आणि चार पावलं चाललो. मग जागच्या जागी थांबलो. हे चालणं मी बघितलं होतं. रस्त्याच्या पलीकडून, लांब उभ्या केलेल्या गाडीतून, मी हे बघितलं होतं.

आम्ही गाडीला दोन पुरे पाटे घातले होते. माल भरलेला असला की ते दबायचे आणि गाडी गादीसारखी चालायची. रिकाम्या गाडीत ते दबतच नव्हते, प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर पाठवत होते. आबांनी भरलेल्या गाडीतून यायचं कधी टाळलं नाही आणि पहिले एक-दोन दिवस सोडले तर रिकाम्या गाडीतून यायचं एकदाही कबूल केलं नाही, इतकं ते सरळ होतं. कुणालाच सुचलं नाही, कारण सगळी नोकरी हलत्या एस.टी.त उभं राहून काढलेल्या माणसाला दणके लागतील हे कुणाच्या मनात येईल? आणि ते सांगणार तरी कसे? दोन घाल, असं म्हणणारे तेच होते.

बायको म्हणाली, "काढून टाका दोन्ही. त्यो हेल्पर घाला."

बोलणं बरोबर होतं. पाटेवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "करू की. त्यात काय." पण गाडी उद्यमनगरात न्यायची तर आबा येणार, खुर्ची घेऊन बसणार आणि विचारणार, का काढतोयस? मग मला त्यांना सांगावं लागणार की तुमचा सल्ला चुकला आणि तुमची कंबर गेली. ही दोन्ही वाक्यं आमच्या घरात आजवर कुणी कुणाला ऐकवलेली नाहीत. मी फोन ठेवला.

मनगट बरं झालं आणि आबा पुन्हा डाव्या सीटवर आले. त्या दिवशी मलकापुरात संस्थेच्या मागं नव्या गोडाऊनचा पाया खणून तांबड्या मातीचा ढीग पडला होता. मी तिथल्या माणसाला विचारलं, ही माती नेऊ का? तो म्हणाला, "न्या की. आमचीच कटकट वाचंल. पन पावणं, पेंड घेऊन येतासा आनि माती घेऊन जातासा, ह्यो कुठला धंदा?" मी म्हटलं, झाडं लावायची आहेत. रिकामी पोती तिथंच होती. मातीनं भरली, हौद्यात मागच्या चाकांवर येतील अशी रचली आणि दोरीनं बांधली.

आबा स्टँडकडं निघालेच होते. मी हाक मारली. "आबा, आज येताना पन माल हाय."

ते वळले. गाडीच्या मागं गेले, पोत्यांकडं बघितलं, मग चाकांकडं बघितलं.

"कुनाचा?"

"आपलाच. परड्यात टाकायची हाय माती."

ते दार उघडून आत बसले. मी गाडी इतकी जपून चालवली की मागून येणारे शिव्या देऊन पुढं गेले. बांबवडं मागं पडलं. मी डावीकडं बघत नव्हतो. थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज आला. मला एवढा आनंद पाटे बसवले त्या दिवशीही झाला नव्हता. पुलावर ते जागे झाले आणि म्हणाले, "आलं व्हय?"

"आलं," मी म्हणालो.

तेव्हापासून रोज माती यायला लागली. घरामागच्या परड्यात ढीग वाढत गेला. शेजारच्यानं विचारलं, विहीर बुजवताय की काढताय? बायको म्हणाली, "मलकापूर हिकडं आनून टाकताय काय सगळं? डिझेल जाळून माती फिरवनारा मानूस मी पयल्यांदा बघतोय." पण तिनं त्यात हळद लावली. बहिणीनं फोनवर विचारलं, आबांचा राग गेला का? मी म्हटलं, गेला. कसा गेला, तिनं विचारलं. मी म्हटलं, मला कळलं नाही. आबांनी मातीबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. त्यांना ती खरीच झाडांसाठी वाटत असेल की नसेल, याचा मला अंदाज लागेना. मी त्यांच्या तोंडाकडं बघायचो. ते तंबाखू मळायचे.

मग एके दिवशी मलकापुरात पोचलो तर पाया भरून झाला होता आणि उरलेली माती आत ओढून घेतली होती. चमचाभरसुद्धा शिल्लक नव्हती. पेंडीची पोती उतरली, गाडी मागून वर उचलली गेली आणि मी हौद्याजवळ दोरी हातात घेऊन उभा राहिलो. आज माल नाही असं म्हटलं तर ते स्टँडकडं जाणार आणि उद्यापासून पुन्हा तेच सुरू होणार.

आबा संस्थेच्या ओट्यावरून उठले. माझ्याजवळ आले, रिकाम्या हौद्यात बघितलं. मग पाया खणताना निघालेल्या दगडांची रास कुंपणाला लागून पडली होती, तिच्याकडं बोट दाखवलं.

"त्यी दगडं हाईत की. भर."

मी म्हटलं, "आबा, दगडं कशाला? परड्यात दगडांचं काय करायचं?"

"कुंपन घाल. न्हायतर परत आनून टाक, मला काय करायचंय." ते दाराकडं गेले, मूठ धरून थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "आनि रोजच्यापेक्षा दोन पोती जास्त घाल. वाघबिळाच्या वळनाला अजून उडती."

मी दोन जास्त घातली.